बोलतलो हळूहळू!

आमच्या मालवणी मुलखात मूल बोलायला उशीर लावू लागले, की शेजारची आजी सुनेला हमखास धीर देते, "बोलतलो गो हळूहळू! बापूसही उशिरानच बोलाक लागललो." या धीरात माया असते आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. पण एखाद्या पोराला मुळात ऐकूच येत नसते. शब्द कानांत पडल्यावाचून ओठांवर येणार कोठून?

अशी मुले विरळा, असा आपला समज आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतची शेकडा एकाहून किंचित अधिक मुले अपंग म्हणून नोंदली गेली. परंतु २०१८ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी निराळेच सांगते. देशातल्या पाच ठिकाणी तज्ज्ञांनी दोन ते नऊ वर्षांची सुमारे चार हजार मुले तपासली. तेरेखोल खाडीपलीकडचा आपला शेजारी उत्तर गोवाही त्यांत होता. ऐकणे, पाहणे, बोलणे, हालचाल, बुद्धीची वाढ, स्वमग्नता, फेफरे आणि थोरल्या मुलांत अतिचंचलता व लेखनवाचनाची अडचण, यांपैकी काही ना काही सुमारे आठांत एका मुलात आढळले! म्हणजे चाळीसांच्या वर्गात पाच.

दोन्ही मोजण्यांची वये आणि मापे वेगळी, हे खरे. पण प्रश्न कसा विचारला, हेही महत्त्वाचे. "घरात कोणी अपंग आहे का?" या प्रश्नाला कोणती आई चटकन 'हो' म्हणेल? म्हणून युनिसेफने २०१६ साली नवी प्रश्नावली आणली. मुलाला ऐकायला, चालायला, शिकायला कितपत अडचण पडते, एवढेच ती विचारते.

मराठी शिकविणारा म्हणून मला आपल्या शब्दांचीच धास्ती वाटते. ऐकू न येणारा तो 'हट्टी', फळा न दिसणारा 'आळशी', अक्षरांत अडखळणारा 'ढ'! अडचणीला स्वभावाचे नाव पडले, की इलाजाची वाट बंद होते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा मुलांना विनामूल्य तपासतात. खाजगी शाळांतल्या मुलांसाठी आईबापांनीच पाऊल उचलावे. टाळी वाजविली आणि मूल वळले, एवढ्यावर समाधान मानू नये. कानांची रीतसर तपासणी तान्ह्या बाळाचीही होते.

आजीने धीर अवश्य द्यावा. मात्र त्याच दमात, "एकदा डॉक्टराक दाखवन ये," एवढेही म्हणावे.