फासा हाताचं ऐकतो का? जत्रेतल्या डावापासून कॅसिनोच्या टेबलापर्यंतचं गणित

पुणे-सोलापूर महामार्गावरचं यवत बहुतेकांना ठाऊक असतं ते तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामामुळे आणि त्या रात्रीच्या पिठलं-भाकरीमुळे. भुलेश्वरच्या डोंगरापलीकडे, पुरंदरात, खंडोबाची जेजुरी आहे. या खंडोबाची एक लोककथा अशी सांगतात, की म्हाळसेबरोबर सारीपाट खेळताना देव हरला आणि हरल्याची अट म्हणून बारा वर्षं घर सोडून बाणाईकडे मेंढरं राखायला गेला. ऐकणाऱ्याला यातली गंमत बरोबर कळते. देव हरला नव्हता, त्याला हरायचंच होतं!

म्हणजे हवं ते दान पाडता येतं, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. शकुनीच्या फाशांची गोष्ट तर शेंबड्या पोरालाही माहीत असते. हीच समजूत आजही 'हात बसला की फासा ऐकतो' अशा शब्दांत भेटते. कधी जत्रेच्या आडोशाला चालणाऱ्या डावावर, तर कधी इंटरनेटवर अमेरिकी कॅसिनोचे व्हिडिओ बघून शिकलेल्या 'टेक्निक'मध्ये.

पण फासा खरंच हातानं वळवता येतो का? आणि वळवता आला, तरी पैसे सुटतात का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत झाली की खिसा रिकामा होतो.

जत्रेतला डाव काय असतो?

कापडावर किंवा फळ्यावर सहा चित्रं काढलेली असतात. बदाम, इस्पिक, चौकट, किलवर, झेंडा आणि मुंडकं. म्हणूनच काही भागांत याला झंडीमुंडी म्हणतात. ज्या चित्रावर भरवसा, त्यावर पैसे ठेवायचे. डाववाला याच चित्रांचे सहा फासे डब्यात हलवतो आणि उपडे करतो.

भाव गावोगाव बदलतो. एक प्रचलित नियम धरून हिशेब करू. तुमचं चित्र एकाही फाशावर आलं नाही किंवा एकाच फाशावर आलं, तर पैसे गेले. दोन फाशांवर आलं तर दुप्पट, तीनवर आलं तर तिप्पट असं सहापर्यंत, आणि वर लावलेले पैसे परत.

ऐकायला हे झकास वाटतं. सहा फासे आहेत, आपलं चित्र दोनदा यायला काय हरकत आहे? पण सहा फासे एकूण ४६,६५६ प्रकारे पडू शकतात. त्यातल्या ३४,३७५ वेळा तुमचं चित्र एकदाच येतं किंवा येतच नाही. म्हणजे चारातले जवळपास तीन डाव थेट गेले. उरलेल्या डावांतली सगळी कमाई धरली, तरी लावलेल्या दर १०० रुपयांमागे सरासरी १४ रुपये डाववाल्याकडे राहतात. लावलेले पैसे परत न देता नुसते दुप्पट-तिप्पट देण्याचा नियम असेल, तर हाच आकडा १०० मागे ४० रुपयांवर जातो. यात फासे अगदी प्रामाणिक आहेत असं धरलंय.

क्रॅप्स हा खेळ काय आहे?

फाशांच्या जुगारात जगभर सगळ्यात गाजलेला खेळ म्हणजे अमेरिकी कॅसिनोतला क्रॅप्स. यात खेळणारा स्वतः दोन फासे फेकतो. पहिल्याच फेकीत बेरीज ७ किंवा ११ आली तर जिंकला. २, ३ किंवा १२ आली तर हरला. दुसरा कुठला आकडा आला, तर तो त्याचा 'पॉइंट'. आता ७ यायच्या आत तो आकडा पुन्हा आणायचा. आधी ७ आला तर डाव संपला.

सगळा खेळ ७ भोवती का फिरतो? दोन फासे ३६ प्रकारे पडतात आणि त्यातले ६ प्रकार सातचे असतात. इतर कुठलीही बेरीज इतक्या वेळा येत नाही.

या मुख्य पैजेत खेळणारा ४९५ डावांत सरासरी २४४ जिंकतो आणि २५१ हरतो. कॅसिनोचा कट दर १०० रुपयांमागे सुमारे १ रुपया ४१ पैसे. जुगाराच्या मानानं हा कट खूपच कमी आहे. मग कॅसिनोचं पोट भरतं कसं?

'साइड बेट' एवढी महाग का पडते?

मुख्य पैजेच्या बाजूला लावायच्या जादा पैजांना साइड बेट म्हणतात. टेबलाच्या मधोमध त्या ठळक रंगात मांडलेल्या असतात आणि बक्षिसाचा आकडाही मोठा असतो. तीन उदाहरणं बघू.

'पुढच्या फेकीत ७ येणार' अशी पैज असते. भाव एकास चार. ३६ वेळा १०० रुपये लावले, तर ३,६०० गेले. सरासरी ६ वेळा जिंकाल आणि दर वेळी स्वतःच्या १०० सकट ५०० हातात येतील, म्हणजे ३,०००. गेले ६०० रुपये. कट १६.६७ टक्के.

'पुढच्या फेकीत १२ येणार' या पैजेचा भाव एकास तीस. पण दोन्ही फाशांवर ६ येण्याचा प्रकार ३६ मध्ये एकच. ३,६०० रुपये लावून सरासरी ३,१०० परत येतात. कट १३.८९ टक्के.

तिसरी पैज गेल्या काही वर्षांत लोकप्रिय झाली. ७ यायच्या आत २ ते ६ हे सगळे आकडे एकेकदा आणून दाखवायचे. भाव एकास ३४. असं घडण्याची शक्यता साधारण ३८ मध्ये एक. कट पावणेआठ टक्के.

भाव खऱ्या शक्यतेपेक्षा थोडा कमी ठेवायचा आणि ती तफावत मोठ्या बक्षिसाआड झाकायची, एवढीच यातली युक्ती. 'एकास तीस' कानावर पडतं. 'खरा भाव एकास पस्तीस हवा होता' हे कुणी सांगत नाही.

मग फासा हातानं वळवता येतो का?

क्रॅप्समध्ये फासे खेळणाऱ्याच्या हातात असल्यामुळे 'डाइस कंट्रोल' नावाचा एक पंथच तयार झाला. पुस्तकं निघाली, शिकवण्या निघाल्या. त्यांचं म्हणणं असं: फासे विशिष्ट बाजू जुळवून धरायचे, दोन्ही एकत्र, एकाच अक्षावर फिरतील असे अलगद सोडायचे, म्हणजे ७ कमी वेळा पडतो.

हे भौतिकशास्त्राला सोडून नाही. फासा नियमांनुसारच पडतो. पोलंडमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये फाशाच्या त्रिमितीय हालचालीचा अभ्यास मांडला. फासा फार उसळला नाही, तर फेकताना जी बाजू खाली होती तीच खाली राहण्याची शक्यता थोडी जास्त असते, असं त्यात दिसलं. मात्र उसळ्या वाढल्या की हा कल पुसला जातो. नाण्याचंही तसंच. ३,५०,७५७ वेळा नाणं उडवून केलेल्या प्रयोगात, जी बाजू वर ठेवून उडवलं तीच बाजू सुमारे ५०.८ टक्के वेळा वर आली.

कॅसिनोला हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून क्रॅप्सच्या टेबलाच्या समोरच्या भिंतीला रबराचे छोटे पिरॅमिडसारखे उंचवटे असतात आणि दोन्ही फासे त्या भिंतीवर आपटलेच पाहिजेत असा नियम असतो. आपटल्यावर फासा कुठल्या उंचवट्याला किती कोनात लागला यातल्या केसाएवढ्या फरकानंही दान बदलतं. आणि फासा न गडगडवता सरकवला, तर ती थेट लबाडी धरतात.

प्रयोग काय सांगतात?

२००४ मध्ये जुगाराच्या गणितावर लिहिणारे प्रसिद्ध लेखक स्टॅनफर्ड वाँग यांनी यावर एक पैज घेतली. ५०० फेकींत ७ किती वेळा येतो ते मोजायचं. नुसत्या नशिबानं तो सरासरी ८३ वेळा यायला हवा. ७९ किंवा कमी वेळा आला, तर 'कंट्रोल'वाले जिंकले. प्रत्यक्षात तो ७४ वेळा आला आणि पैज वाँग जिंकले.

सिद्ध झालं का मग? नाही. कुठलंही कौशल्य नसलेल्या माणसानं ५०० फेकी केल्या, तरी ७४ किंवा त्याहून कमी वेळा ७ येण्याची शक्यता सुमारे १४ टक्के असते. म्हणजे दर सात जणांत एकाला हे आपोआप जमतं.

इथंच 'हात बसला' या भावनेचा उगम आहे. सात जण दिवसभर खेळले, तर एकाला वाटणारच की आपला हात चालतोय. तो गावभर सांगतो. बाकीचे सहा जण गप्प राहतात.

२००९ मध्ये अटलांटिक सिटीच्या एका कॅसिनोत एका महिलेनं डाव न संपवता सलग १५४ वेळा फासे टाकले. सरासरी खेळणाऱ्याचा डाव आठ-नऊ फेकींत आटोपतो. गणितज्ञांनी हिशेब केला, तेव्हा असं घडण्याची शक्यता साधारण साडेपाच अब्जांत एक निघाली. या बाई डाइस कंट्रोल शिकलेल्या होत्या? बातम्यांनुसार त्या आयुष्यात दुसऱ्यांदाच क्रॅप्स खेळत होत्या.

समजा, हात खरंच बसला. तर?

आता डाइस कंट्रोलवाल्यांचं म्हणणं पूर्ण मान्य करून बघू. समजा सरावानं कुणी ७ ची शक्यता सहात एक ऐवजी साडेसहात एक इतकी खाली आणली, आणि बाकी आकडे त्या प्रमाणात वाढले.

मुख्य पैजेत तो जेमतेम बरोबरीच्या वर जातो. दर १०० रुपयांमागे सरासरी १३ पैसे नफा. एक हजार रुपयांचे शंभर डाव खेळून, म्हणजे लाख रुपये फिरवून, अपेक्षित कमाई १३० रुपये.

आणि साइड बेट? १२ वरच्या पैजेत कॅसिनोचा कट १३.९ वरून १२.६ टक्क्यांवर येतो. दोन्ही फाशांवर चार-चार आणण्याची पैज ९.१ टक्क्यांऐवजी ४.३ टक्के कापते. म्हणजे तोटा कमी झाला, पण तोटाच राहिला. 'पुढे ७ येणार' ही पैज तर याच हातामुळे आणखी वाईट होते, कारण ७ कमी पडायला लागले. तिथं कट २३ टक्के होतो.

शिवाय हा साडेसहाचा हात आपल्याकडे आहे की नाही, हे कळायला किती फेकी मोजाव्या लागतील? नुसत्या योगायोगाची शंका बऱ्यापैकी दूर करायची, तर सुमारे ३,४०० फेकी, प्रत्येकीची नोंद ठेवून. एका रात्रीच्या जिंकण्यावरून काहीच कळत नाही.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. पोलिसांच्या बातम्यांत 'कलम १२ (अ)' वाचलं असेल. सार्वजनिक ठिकाणी जुगार खेळणाऱ्याला वॉरंटशिवाय पकडण्याचा अधिकार त्यात आहे. याच कायद्याचं कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट देतं. 'फासा हातानं वळवता येतो' म्हणजे तो कौशल्याचा खेळ, असं कुणी म्हणू शकेल का? मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या १९५७ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की यश बऱ्याच अंशी कौशल्यावर ठरत असेल तरच तो जुगार नाही. फाशांच्या डावात ही अट पूर्ण करणं किती कठीण आहे, ते वरच्या आकड्यांत दिसतंच.

महाराष्ट्रानं १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी कायदा केला होता, पण तो कधी अंमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला. गोव्यात कॅसिनो चालतात, पण २०२० पासून खुद्द गोवेकरांना तिथं खेळायला मनाई आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. त्यात तर कौशल्य की नशीब हा फरकच ठेवलेला नाही.

शेवटी, हात कुणाचा?

जत्रेतल्या डावावर डबा हलवतो डाववाला. फासेही त्याचेच. कॅसिनोचे फासे पारदर्शक असतात, ठिपक्यांत भरलेल्या रंगाचं वजनही तोलून घेतलेलं असतं. जत्रेतल्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या फाशाची तपासणी कोण करतो? फासा हातानं वळवता येतो हे खरं मानलं, तर त्याचा फायदा ज्याच्या हातात डबा आहे त्याला होणार, पैसे ठेवणाऱ्याला नाही. मोबाइलवरच्या फाशाला तर हात लागतच नाही. तिथं आकडा सॉफ्टवेअर काढतं.

दौंडच्या पट्ट्यात उसाचं बिल वर्षातून मोजक्या वेळा हातात येतं. त्या दिवसांत 'हात चालतोय' असं वाटलं, तर आधी भाव विचारा आणि कागदावर ३६ डावांचा हिशेब मांडा. महाभारतातला नल राजा द्यूतात राज्य हरला, तेव्हा ऋतुपर्णाकडून जे 'अक्षहृदय' शिकला, त्याची सुरुवातही बेहड्याच्या झाडावरची पानं-फळं अचूक मोजण्यापासून होते.

आणि घरातल्या कुणाचं खेळणं थांबतच नसेल, पैसे उसने घेणं किंवा लपवाछपवी सुरू झाली असेल, तर सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. मराठीतही बोलता येतं.