सेशन-ऑब्जेक्ट आणि डिपेन्डन्सी इंजेक्शन : सुरतच्या पेढीचे उदाहरण

सुरतच्या रिंग रोडवरील कापड बाजारात एकाच पेढीवर अनेक गावांचे व्यापारी एकाच वेळी साड्या पाहत असतात. मुनीम एकच असला तरी प्रत्येकाच्या मालाची चिठ्ठी वेगळी असते. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली तर पेढीची पत जाते. अशा पेढीच्या वेबसाइटपुढेही हाच प्रश्न असतो.

एचटीटीपीला मागच्या विनंतीची आठवण नसते. म्हणून सर्व्हर प्रत्येक ग्राहकासाठी सेशन उघडतो व कुकीतील क्रमांकावरून त्याला ओळखतो. डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणजे ऑब्जेक्टने लागणारा दुसरा ऑब्जेक्ट स्वतः न बनवता कंटेनरकडून घेणे. जावाच्या स्प्रिंग 2.0 मध्ये (2006) अशा ऑब्जेक्टला सेशनपुरते आयुष्य देण्याची सोय झाली.

अडचण येथेच आहे. मुनीमासारखा 'सिंगलटन' ऑब्जेक्ट एकदाच बनतो व त्याला हवे ते एकदाच मिळते. तो पहिल्या ग्राहकाच्या विनंतीवेळी बनला, तर त्याच्या हाती पहिल्याचीच चिठ्ठी राहते आणि दुसऱ्याचा माल तिच्यावरच चढतो. यावर उपाय म्हणजे प्रॉक्सी. मुनीमाच्या हाती चिठ्ठीऐवजी चिठ्ठ्या सांभाळणारा माणूस द्यावा. तो दर वेळी समोरच्या ग्राहकाचीच चिठ्ठी काढून देतो.

तथापि एकाच ग्राहकाने दोन खिडक्या उघडल्यास दोन विनंत्या एकाच चिठ्ठीवर एकदम लिहू शकतात. ती काळजी प्रॉक्सी घेत नाही, प्रोग्रामरनेच घ्यावी लागते. सारांश, ऑब्जेक्ट कोणी बनवायचा याइतकेच तो कोणाचा व किती काळाचा, हे ठरवणे महत्त्वाचे आहे.