कढईतला काळा रंग आणि जेवणानंतरचा चहा

केसांना मेंदी लावायची असली की आपण आदल्या रात्री लोखंडी कढईत मेंदी, चहाचं पाणी आणि आवळ्याची किंवा हिरड्याची पूड कालवून ठेवतो. सकाळी बघावं तर सगळं काळंभोर! काळं काही घातलेलंच नसतं, मग हा रंग आला कुठून?

उत्तर आपल्या डोंगरातच आहे. आहुपे, भीमाशंकर, नाणेघाट या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी बायका उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात, वाळवून विकतात. हिरडा चावला की तोंड आवळून येतं, ते त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे. टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस मिसळून काळी शाई करत, ती याच गुणामुळे.

ही गाठ पडते कशी? प्रत्येक अणूत इलेक्ट्रॉन नावाचे बारीक कण असतात. त्यांच्या देण्याघेण्यातून अणू जोडले जातात. मिठात सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो. मग देणारा धन, घेणारा ऋण, म्हणून दोघं एकमेकांना ओढून धरतात. हा आयनिक बंध. पाण्यात ऑक्सिजन आणि हायड्रोजन इलेक्ट्रॉन सामाईक वापरतात, दोन जावांनी एकच पाटा-वरवंटा वापरावा तसे. हा सहसंयुज बंध. टॅनिनची तऱ्हा आणखी वेगळी. इथे जोडीतले दोन्ही इलेक्ट्रॉन टॅनिनच पुरवतं आणि लोहाला दोन बाजूंनी धरतं. ओढ्यातल्या खेकड्याने दोन्ही नांग्यांत बोट पकडावं तसं! मग लोह सहजासहजी सुटत नाही.

आता आपल्या कामाचं. चहातही अशीच तुरट द्रव्यं असतात. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, मेथीची भाजी खाल्ली आणि लगेच कपभर चहा घेतला, तर कढईत होतं तेच पोटात होतं. बांधलं गेलेलं लोह अंगी लागत नाही, तसंच बाहेर पडतं. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. तिची कारणं अनेक आहेत, पण हे एक आपल्या हातात आहे.

चहा सोडायची गरज नाही. जेवणाआधी आणि नंतर तासभर तरी तो टाळा. लोहाची गोळी चहा-दुधाबरोबर नको, पाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. उसळीवर लिंबू पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. आणि सारखा थकवा, धाप लागत असेल तर घरगुती उपायांवर न थांबता आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या.