मूळ मजकुराला हात नको, टीप बाजूला लिहा

मागे एका गटाने नियमावलीचा मसुदा मोबाईलवर गुगल डॉक्समध्ये टाइप करून सगळ्यांना पाठवला. अंतर्गत कर्जाचे व्याज महिना 2 टक्के लिहिले होते. दोन दिवसांनी तिथे दीड टक्का दिसू लागला. कोणी बदलले, कोणीच सांगेना. बैठकीत अशी जुंपली की दोघी जणी गट सोडायला निघाल्या. व्याज कमी करायची सूचना वाईट नव्हती. न विचारता मजकूर बदलला, तिथे चुकले.

ही अडचण जुनीच आहे. ज्ञानेश्वरीच्या नकला करताना लोकांकडून मूळ ओव्यांत फेरफार होत गेले. आपल्या पैठणच्या एकनाथ महाराजांनी पाठ तपासून शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, शुद्ध प्रत तयार केली आणि यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. आपले म्हणणे जरूर मांडावे, पण मूळ मजकुराच्या बाहेर. मोबाईलमध्ये अशा टिपेला कॉमेंट म्हणतात.

आधी फाईल पाठवणारीने काळजी घ्यायची. शेअर करताना तीन पर्याय येतात: व्ह्यूअर फक्त वाचते, कॉमेंटर टीप लिहू शकते, एडिटर मजकूरच बदलू शकते. सदस्यांसाठी कॉमेंटर निवडा. एडिटर एखाद-दुसरीच ठेवा.

आता टीप कशी लिहायची? ज्या शब्दाबद्दल बोलायचे त्यावर बोट दाबून धरा, शब्द रंगला की कॉमेंट निवडा, लिहा आणि पाठवा. टिपेसोबत नाव आणि वेळ आपोआप येते. पण नाव येते ते ज्या खात्यातून लिहिले त्याचे. लेकीच्या मोबाईलवरून लिहीत असाल, तर सुरुवातीला स्वतःचे नाव घाला. टाइप करणे जड जात असेल, तर कीबोर्डवरचा माईक दाबून मराठीत बोला.

टीप नीटनेटकी हवी. एका टिपेत एकच मुद्दा. ‘हे बरोबर नाही’ एवढ्यावर थांबू नका. ‘2 ऐवजी दीड टक्का ठेवावा, कारण...’ असे लिहा. संगणकावर गुगल डॉक्समध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूंना फुली-चांदणीची खूण * लावली, की तो शब्द ठळक होतो. रक्कम किंवा तारीख तेवढी ठळक करा. सगळेच ठळक केले तर काहीच उठून दिसत नाही. पीडीएफवर लिहायचे असेल, तर अ‍ॅक्रोबॅट रीडरसारख्या अ‍ॅपमध्ये मजकूर लिहायची सोय असते. तिथे अक्षराचा आकार आणि रंग बदलता येतो. मूळ अक्षर काळे असेल, तर टीप निळी किंवा लाल ठेवा.

मराठी मात्र युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फॉन्टमधली अक्षरे दुसरीच्या मोबाईलवर भलतीच दिसतात.

टिपेवर चर्चा संपली की बरोबरच्या खुणेवर दाबा. टीप बाजूला होते, पुसली जात नाही. पुढे कधी वाद झाला तर उघडून बघता येते.

एक ध्यानात ठेवा, टीप म्हणजे ठराव नव्हे. बैठकीत सगळ्या टिपा मोठ्याने वाचा, म्हणजे साधा मोबाईल असणारीलाही आपले मत देता येईल. निर्णय रजिस्टरात लिहा, सह्या घ्या, मगच मसुदा बदला. नियमित नोंदी हे आपल्या पंचसूत्रीतले पाचवे सूत्र आहे. त्या गटानेही शेवटी तेच केले, आणि त्या दोघी जणी आजही गटात आहेत.