पाणी शुद्ध करावे की धरण जिंकावे? 'फॉलआउट'च्या दोन भागांची तुलना

चंद्रपूर, प्रतिनिधी

अणुयुद्धात जग बेचिराख झाल्यानंतर दोनशे वर्षांनी उरलेली माणसे कशासाठी भांडतील? 'फॉलआउट' या व्हिडिओ गेम मालिकेतील दोन गाजलेल्या भागांनी या प्रश्नाचे एकच उत्तर दिले आहे : पाण्यासाठी. २००८ साली आलेल्या 'फॉलआउट ३'मध्ये नायक विषारी झालेल्या नदीचे पाणी शुद्ध करण्यासाठी धडपडतो. २०१० सालच्या 'फॉलआउट : न्यू व्हेगास'मध्ये नदीवरील धरण कोणाच्या ताब्यात राहावे, यासाठी दोन सैन्ये समोरासमोर उभी ठाकतात. विषय एकच असला, तरी हे दोन खेळ खेळणाऱ्यापुढे दोन भिन्न प्रश्न ठेवतात.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या वाचकांना हे दोन्ही प्रश्न परके वाटण्याचे कारण नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील अनेक गावांत भूगर्भातील पाण्यात फ्लोराइड आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली, तेव्हा चंद्रपूरचा क्रमांक चौथा होता. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटले आणि महाऔष्णिक वीज केंद्राचे संच बंद ठेवण्याची पाळी आली. दक्षिणेला सिरोंचा तालुक्याच्या सीमेवर, गोदावरीवर तेलंगणाने बांधलेल्या मेडीगड्डा बंधाऱ्याचे २०१९ साली उद्घाटन झाले. पाणी शेजारच्या राज्याला आणि पूर आमच्या शेतात, ही तेव्हापासून सिरोंचातील शेतकऱ्यांची तक्रार आहे. पाणी पिण्याजोगे कसे होईल, हा एक प्रश्न. पाण्यावर हुकूम कोणाचा चालेल, हा दुसरा. 'फॉलआउट'चे दोन भाग नेमके याच दोन प्रश्नांभोवती रचले आहेत.

या मालिकेवर आधारित दूरचित्रमालिका २०२४ साली इंटरनेटवर प्रदर्शित झाल्यापासून नवे खेळाडू जुन्या भागांकडे वळले आहेत. सुरुवात कोणत्या भागापासून करावी, असा प्रश्न त्यांना पडतो. तो सोडविण्यासाठी दोन्ही खेळांचे अंतरंग समजून घेणे उपयुक्त ठरेल.

एक मंच, दोन मंडळ्या

'फॉलआउट'चा पहिला भाग १९९७ मध्ये 'इंटरप्ले' या अमेरिकन कंपनीने आणला, दुसरा १९९८ मध्ये. तेल आणि अन्य साधनसंपत्तीवरून पेटलेल्या संघर्षाचा शेवट २०७७ साली अमेरिका व चीन यांच्यातील अणुयुद्धात होतो, अशी या मालिकेची कल्पना आहे. काही लोक 'व्हॉल्ट' नावाच्या भूमिगत निवाऱ्यांत बचावतात. वर उरलेल्या उजाड प्रदेशात उत्परिवर्तित प्राणी, लुटारूंच्या टोळ्या आणि नव्याने उभ्या राहू पाहणाऱ्या वसाहती असतात. शीतपेयाच्या बाटल्यांची झाकणे हे तेथील चलन. खेळाडूने एका पात्राची भूमिका घ्यायची, त्याचे गुण आणि कौशल्ये स्वतः ठरवायची आणि या जगात वाट काढायची, असे खेळाचे स्वरूप आहे.

पुढे मूळ कंपनी अडचणीत आली आणि २००७ मध्ये मालिकेचे हक्क 'बेथेस्डा' या कंपनीने विकत घेतले. वरून दिसणाऱ्या, पाळीपाळीने चाली करण्याच्या जुन्या पद्धतीऐवजी बेथेस्डाने पात्राच्या डोळ्यांतून दिसणारे त्रिमिती जग उभे केले. तोच 'फॉलआउट ३'. त्याच्या यशानंतर पुढचा खेळ रचण्याचे काम 'ऑब्सिडियन' या दुसऱ्या संस्थेकडे सोपविण्यात आले. जुन्या 'फॉलआउट'वर काम केलेली काही मंडळी या संस्थेत होती. त्यांना सुमारे दीड वर्षाचा अवधी मिळाला आणि बेथेस्डाचीच तांत्रिक चौकट वापरायला मिळाली.

झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला हा प्रकार सहज कळेल. दिवाळीनंतर धानाचा हंगाम आटोपला की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव रात्रभराचे प्रयोग करतात. मंच तसाच, पडदे तसेच, पेटी-तबलाही तोच. परंतु लेखक आणि दिग्दर्शक बदलले की त्याच फळ्यांवर निराळे नाटक उभे राहते. या दोन खेळांचे तसेच आहे. बंदुका, राक्षस, मनगटावरचा संगणक सारे समान असूनही कथेचा पिंड वेगळा आहे.

वडिलांचे अपुरे काम

'फॉलआउट ३'ची कथा २२७७ साली वॉशिंग्टन शहराच्या भग्नावशेषांत घडते. खेळाडू नायकाचा जन्म पाहतो, बालपण पाहतो आणि एकोणिसाव्या वर्षी वडील निवारा सोडून निघून गेल्यावर त्यांच्या शोधात बाहेर पडतो. वडील शास्त्रज्ञ असतात. जेफरसन स्मारकात प्रचंड जलशुद्धीकरण यंत्र उभारून सर्वांना किरणोत्सर्गमुक्त पाणी विनामूल्य द्यायचे, हे त्यांचे अपुरे राहिलेले काम. येथील जवळजवळ सर्व पाणी किरणोत्सर्गी आहे. तहान भागविणारा प्रत्येक घोट शरीरात विष साठवतो. वसाहतींच्या वेशीवर बसलेले याचक पैसा मागत नाहीत, शुद्ध पाण्याची बाटली मागतात. हे दृश्य खेळ संपल्यावरही मनातून जात नाही.

खेळाचे खरे सामर्थ्य भटकंतीत आहे. कोसळलेली भुयारी रेल्वेस्थानके, ओस पडलेली घरे, अखेरच्या क्षणी लिहिलेल्या नोंदी यांतून खेळाडू उद्ध्वस्त संस्कृतीची कहाणी स्वतः जुळवतो. मुख्य कथानक सोडून तासन् तास हिंडावे, असे हे जग आहे. मात्र काही साधे प्रश्न अनुत्तरित राहतात. येथे शेते जवळजवळ दिसत नाहीत. मग वसाहतीतील माणसे दोनशे वर्षे काय खाऊन जगली? पाणी शुद्ध झाल्यावर ते कोण वाटणार, कोणाच्या आज्ञेने वाटणार? मूळ कथा या प्रश्नाच्या उंबरठ्यावर येऊन थांबते.

धरणाच्या चार वाटा

'न्यू व्हेगास'ला आरंभच तेथून होतो. साल २२८१, ठिकाण नेवाडाचे मोहावी वाळवंट. नायक निरोप्या आहे. पहिल्याच दृश्यात त्याच्या डोक्यात गोळी घालून त्याला पुरले जाते. तो वाचतो आणि मारेकऱ्याच्या मागावर निघतो. परंतु सूडाची ही गोष्ट लवकरच मागे पडते आणि कोलोरॅडो नदीवरचे हूव्हर धरण कथेच्या केंद्रस्थानी येते. हे धरण खरोखरच अस्तित्वात आहे. नेवाडा आणि ॲरिझोना या दोन राज्यांच्या सीमेवर ते १९३० च्या दशकात बांधले गेले. खेळात ते शाबूत आहे. म्हणजे वीज आहे आणि पाणीही. म्हणूनच त्यावर सर्वांचा डोळा आहे.

पश्चिमेकडून आलेले 'न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक' हे लोकशाही राज्य. ते कायदा आणते, सोबत कर, जमीनदार आणि दिरंगाईही आणते. पूर्वेकडून येणारे 'सीझर्स लीजन' गुलामगिरीवर उभे आहे. त्याची क्रूरता खेळ लपवीत नाही. तरीही लीजनच्या मुलखात व्यापाऱ्यांचे तांडे निर्धास्त फिरतात, असे सांगणारी पात्रेही येथे भेटतात. तिसरा दावेदार 'मिस्टर हाउस' हा यंत्रमानवांच्या फौजेच्या बळावर शहर चालविणारा धनाढ्य. चौथी वाट कोणाचेही राज्य न मानता शहर स्वतंत्र ठेवण्याची. चारही वाटांची किंमत मोजावी लागते. अखेरीस प्रत्येक वस्तीचे पुढे काय झाले, हे खेळ एकेक करून सांगतो आणि आपल्या निर्णयाने कोणाचे भले झाले, कोण देशोधडीला लागले, हे खेळाडूला ऐकावे लागते.

या खेळातील एक लहान उपकथा पाण्याच्या राजकारणावर नेमके बोट ठेवते. रिपब्लिकच्या वाटेकरी शेतांना पाणी कमी पडू लागते आणि चौकशीसाठी गेलेला सैनिक बेपत्ता होतो. शोध घेतल्यावर कळते, की शेजारच्या गरीब वस्तीने आपल्या पिकांसाठी पाणी गुपचूप वळविले आहे. गुपित फुटू नये म्हणून सैनिकाचा जीव गेला आहे. पाणी वळविण्यामागे लोभ नव्हता, भूक होती. तरीही खून हा खूनच. तक्रार करावी की गप्प बसावे, हे खेळाडूने ठरवायचे. कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेती असणाऱ्या कोणाही शेतकऱ्याला हा पेच समजावून सांगावा लागणार नाही.

पाप-पुण्याचा हिशेब

दोन्ही खेळांतील फरक सर्वाधिक स्पष्ट होतो तो नीतीच्या हिशेबात. 'फॉलआउट ३'मध्ये 'कर्मा' नावाचा एकच आकडा आहे. सत्कृत्याने तो वाढतो, दुष्कृत्याने घटतो. न फुटलेल्या अणुबॉम्बभोवती वसलेले 'मेगाटन' हे गाव बॉम्ब निकामी करून वाचवायचे, की पैशांसाठी उडवून द्यायचे, हा त्यातील प्रसिद्ध प्रसंग. निवड ठसठशीत आहे, पण अवघड नाही. शिवाय एखाद्याने गाव बेचिराख करून नंतर याचकांना पाण्याच्या बाटल्या वाटत राहिल्यास त्याचा आकडा पुन्हा पुण्याकडे सरकतो. कर्माचा सिद्धान्त आपल्याकडचा. पण त्याची अशी वजाबाकी आपल्याकडील कोणी मान्य करील असे वाटत नाही.

'न्यू व्हेगास'ने हा आकडा ठेवला, पण त्याचे महत्त्व घटविले. त्याऐवजी प्रत्येक गट आणि वस्ती तुमची स्वतंत्र ओळख ठेवते. एका गावात तुम्ही तारणहार, तर पुढच्या गावात खुनी. एकाच गावात केलेले चांगले आणि वाईट यांची खाती वेगळी राहतात. एकाने दुसरे पुसले जात नाही. माणसाची पत अशीच ठरते, हे खेडेगावात राहिलेल्या कोणालाही पटेल.

याचा अर्थ पहिल्या खेळात अवघड प्रश्नच नाहीत, असा नव्हे. त्यात 'ओएसिस' नावाची दडलेली हिरवी जागा आहे. अंगातून झाड उगवलेला हॅरॉल्ड तेथे मुळांनी खिळला आहे आणि त्याच्या बियांतून आजूबाजूला रान उभे राहिले आहे. भक्तांपैकी एकीला हे रान सर्वत्र पसरावेसे वाटते, दुसऱ्याला जगापासून लपवून ठेवावेसे वाटते, तर हॅरॉल्डला स्वतःला मरण हवे आहे. ज्याच्या जिवावर जंगल उभे, त्याचे मत विचारायचे की नाही? ताडोबाच्या भोवताली वाघ वाढले, पर्यटन वाढले आणि धानाच्या बांधावर जाणाऱ्याची भीतीही वाढली. त्या परिसरात हा प्रश्न निव्वळ काल्पनिक राहत नाही.

चौथी वाट आणि मेंढा

'न्यू व्हेगास'मधील स्वतंत्र राहण्याची वाट अनेकांना भाबडी वाटते. गडचिरोलीकडे मात्र तिचे एक वास्तव उदाहरण आहे. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध या भागात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे यांनीही धरणांना विरोध केला होता. ती धरणे झाली नाहीत. त्या जागृतीतून धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, पण आमच्या गावात आम्हीच सरकार, अशी भूमिका घेतली. २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तर २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. खेळातील नायक एका रात्रीत बंदुकीच्या जोरावर जे मिळवितो, त्यासाठी मेंढ्याला सभा, अभ्यास आणि सहमती यांत कित्येक वर्षे घालवावी लागली. खेळाची मर्यादा येथे उघडी पडते : त्यात अखेरचा निर्णय एकट्या नायकाचा असतो, ग्रामसभेला त्यात जागा नाही.

भारताशी आलेला संबंध

ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स ३६० यंत्रासाठीचा 'फॉलआउट ३' भारतात न आणण्याचे जाहीर केले. 'सांस्कृतिक संवेदनशीलता' एवढेच कारण देण्यात आले. खेळातील दोन डोक्यांच्या गायीला 'ब्राह्मिन' असे नाव आहे, त्यामुळे हा निर्णय झाला असावा, असा तर्क त्या वेळी केला गेला. अमेरिकेत 'ब्राह्मन' नावाची गोजात प्रत्यक्षात आहे आणि ती गीर, कांक्रेज, ओंगोल अशा भारतीय गुरांपासूनच तयार झाली. पुढे २०२१ मध्ये बेथेस्डाची मूळ कंपनी मायक्रोसॉफ्टनेच विकत घेतली, हा योगायोग गमतीचा म्हणावा लागेल.

प्रथम कोणता खेळावा?

ज्याला अनोळखी प्रदेशात हिंडण्याची आवड आहे, त्याने 'फॉलआउट ३'पासून सुरुवात करावी. त्याची कथा सरळ आहे आणि मालिकेच्या जगाची ओळख त्यात चांगली होते. ज्याला संवाद, राजकारण आणि निर्णयांचे परिणाम यांत रस आहे, त्याच्यासाठी 'न्यू व्हेगास' सरस आहे. त्यातील भूक, तहान व झोप यांची काळजी घ्यायला लावणारा कठीण प्रकार अवश्य निवडावा. वाळवंटातील पाण्याचे मोल त्यातच कळते. प्रकाशनाच्या वेळी या खेळात तांत्रिक दोष बरेच होते. समीक्षकांच्या गुणांची सरासरी ८४ वर थांबली आणि ८५ गुणांवर मिळणारा लाभांश ऑब्सिडियनच्या हातून निसटला. आज मात्र अनेक जाणकार या खेळाला मालिकेतील सर्वोत्तम भागांत गणतात.

शक्य असल्यास दोन्ही खेळ याच क्रमाने खेळावेत. पाणी शुद्ध करणारे यंत्र सुरू झाले की पहिली कथा संपते. यंत्राची किल्ली कोणाच्या हाती राहणार, या प्रश्नाला दुसरी कथा हात घालते. आपल्या जिल्ह्यांत हा दुसरा प्रश्न अधिक काळ रेंगाळला आहे.

दृष्टिक्षेपात

फॉलआउट ३ : निर्मिती बेथेस्डा, प्रकाशन ऑक्टोबर २००८, कथेचा काळ २२७७, स्थळ वॉशिंग्टन परिसर.

फॉलआउट : न्यू व्हेगास : निर्मिती ऑब्सिडियन, प्रकाशक बेथेस्डा, प्रकाशन ऑक्टोबर २०१०, कथेचा काळ २२८१, स्थळ मोहावी वाळवंट.

पालकांसाठी : दोन्ही खेळांत रक्तपात, अमली पदार्थ आणि शिवराळ भाषा आहे. युरोपात ते १८ वर्षांवरील खेळाडूंसाठी वर्गीकृत आहेत. लहान मुलांच्या हाती देऊ नयेत.