वाय-फाय, तुझी ओळख दाखव!

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा कॉलेजच्या वसतिगृहातून घरी आला. आमच्या वाय-फायचा पासवर्ड सांगितला, लगेच त्याचा फोन जोडला गेला. "मावशी, आमच्याकडे असं नसतं," तो म्हणाला. "प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा."

असं का बरं? घरचा पासवर्ड म्हणजे सगळ्यांची मिळून एकच किल्ली. चार माणसांत चालून जातं. पण हजार मुलांना तीच वाटली, तर ती गावभर व्हायला कितीसा वेळ? शिवाय एक जण कॉलेज सोडून गेला, की सगळ्यांचीच किल्ली बदला! म्हणून तिथे भिंतीवरचा वाय-फायचा डबा परस्पर कुणाला आत घेत नाही. शाळेच्या फाटकावर शिपाईकाका अनोळखी पाहुण्याला थांबवतात नि ऑफिसात विचारून येतात ना? तसा हा डबा रॅडिअस सर्व्हरला विचारतो. तिकडून होकार आला, की फक्त त्या फोनसाठी, तेवढ्या वेळेपुरती नवी गुप्त किल्ली तयार होते. मग हवेतून जाणारा मजकूर दुसऱ्याला वाचता येत नाही.

फोनलाही ही रीत यावी लागते बरं का! २००७ च्या पहिल्या आयफोनला ती येत नव्हती. २००८ मध्ये नवं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा तो शिकला.

आता खरी मेख. फोन आपली ओळख दाखवतो, पण समोरच्याची ओळख कोण पाहणार? कॅन्टीनमध्ये बसून कुणी कॉलेजच्याच नावाचं खोटं वाय-फाय सुरू केलं तर? फोनला नाव तेच दिसणार, आणि पासवर्ड चोराच्या हाती पडू शकतो. म्हणून सर्व्हरनेही आपलं प्रमाणपत्र दाखवायचं, फोनने ते तपासायचं, अशी पद्धत आहे.

पण अँड्रॉइड फोनमध्ये "तपासू नका" असाही एक पर्याय असे. घाईची माणसं नेमका तोच निवडत. (पालकहो, आपणही!) डिसेंबर २०२० मध्ये अँड्रॉइड ११ च्या सुधारणेत पिक्सेल फोनमधून तो काढून टाकला गेला.

भाच्याचा फोन जुना. त्याला विचारलं, "तू काय निवडलंयस रे?" स्वारी गप्प. मग हळूच म्हणाला, "सिनियरने सांगितलं, तेच."

परवा त्याचा फोन आला. कॉलेजच्या संगणक विभागातून सर्व्हरचं नाव विचारून घेतलं, ते फोनमध्ये घातलं आणि तपासणी सुरू केली. पासवर्डही बदलला. सिनियरचा फोन मात्र अजून तसाच आहे म्हणे!