पडद्यावरचं चर्च कुणी जाळलं?

रोलंड एमेरिक यांच्या 'द पेट्रियट' (2000) या चित्रपटात इंग्रज अधिकारी टॅव्हिंग्टन गावकऱ्यांना चर्चमध्ये कोंडून आग लावतो. अमेरिकन क्रांतियुद्धात असा प्रसंग घडल्याची नोंद नाही. आठवतं ते फ्रान्समधलं ओरादूर-सुर-ग्लान. 10 जून 1944 रोजी नाझी एसएसच्या सैनिकांनी तिथे सहाशेहून अधिक माणसं मारली, बायकामुलांना चर्चमध्ये कोंडून. एका युद्धाचं पाप दुसऱ्याच सैन्याच्या माथी मारणं गैर आहे, कारण प्रेक्षक ते इतिहास म्हणून घरी नेतो.

टॅव्हिंग्टन बेतला आहे बॅनास्टर टार्लटन या खऱ्या इंग्रज अधिकाऱ्यावर. तो क्रूर म्हणून कुख्यात होताच, पण चित्रपटातल्या टॅव्हिंग्टनसारखा रणात पडला नाही; मायदेशी परतून खासदार झाला.

नायक मार्टिन हा साउथ कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियनसारख्या सेनानींवरून घडवलेला. मॅरियनकडे गुलाम होते. मार्टिनच्या शेतावरचे कृष्णवर्णीय मात्र स्वतंत्र मजूर दाखवलेत. मला ही सोय आगीहून जास्त खटकते. स्वातंत्र्यासाठी लढणारेच माणसांचे मालक होते, हा त्या क्रांतीतला सर्वांत अवघड प्रश्नच तिने पुसून टाकला.

शेवटची लढाई बरीचशी काउपेन्सची आहे (17 जानेवारी 1781). हौशी शिपायांची फळी ठरवून मागे हटते आणि पाठलाग करणारे इंग्रज सापळ्यात शिरतात. हा डाव खरा. फक्त चित्रपटात दाखवलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस तिथे नव्हता. हाच कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल झाला, आणि 1792 मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला हरिपंत फडक्यांची मराठी फौज त्याच्या सोबत होती.